एका थेंबावर लागलेली मिशी

मित्रांनो, मी एक जुना, शुगर मोजायचा मीटर आहे. घोड्यांवर पैजा लागतात हे तुम्ही ऐकलं असेल. माझ्यावर चक्क एक मिशी लागली होती.

लावली वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड बसड्रायव्हरने, ज्याला सगळे मामा म्हणतात. पैज आमच्या शिंपीमास्तरांशी. "मास्तर, महिनाभर रोज बोट टोचलंस आणि शेवटी उपाशीपोटी एकशे तीसच्या आत आलास, तर जिन्याखाली मिशी उतरवतो. नाही जमलं, तर झालरीचा फ्रॉक शिवायचा, घालायचा आणि गल्लीभर हिंडायचं."

सगळे खिदळले. दिवसभर सुईशी खेळणारे मास्तर माझ्या इवल्याशा सुईला टरकतात, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कारखान्यातून मी चकाचक बाहेर पडलो, त्यांच्या मुलीने हौसेने घरी आणलं, आणि मास्तरांनी मला बटणांच्या डब्यात कोंबलं. तुटक्या हुकांच्या शेजारी पडून होतो. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, साखर अशीच मोकाट राहिली तर डोळ्यांवर येईल. डोळे गेले तर सुईत दोरा कोण ओवणार? तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

सुरुवातीला मास्तर डोळे गच्च मिटून "आई गं" म्हणायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "अहो, अजून टोचलंय कुठे?" मग सवय झाली. आकडा चढला की आदल्या रात्रीचं चोरून खाणं उघडं पडायचं. हळूहळू ताट आवरलं, चालणं वाढलं, गोळी चुकेना. आकडा उतरायला लागला, आणि मला उरलेल्या मखमलीचा झकास बटवा मिळाला.

शेवटच्या सकाळी जिन्याखाली ही गर्दी. मामा जॅम लावलेला पाव खातच उतरला. मास्तरांचा हात आपल्या हातात घेऊन चांगला घोळवला, ऑल द बेस्ट म्हणाला. मास्तरांनी बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. मी दाखवलं, दोनशे सत्त्याऐंशी.

मामाने मिशीला पीळ दिला. मास्तर मटकन पायरीवर बसले. फ्रॉकचं त्यांना काही नव्हतं. त्यांना भीती होती ती डोळ्यांची.

मित्रांनो, मी खोटं बोलत नाही. पण साखर रक्तातली की बोटावरची, हे मला बापड्याला कळत नाही. काकूंना कळलं. त्यांनी नवऱ्याचं बोट हुंगलं, मग मामाकडे नुसतं बघितलं. "साबणाने हात धुवा. नीट पुसा. आणि परत बघा."

एकशे अठरा.

म्हणून सांगतो, आम्हाला डब्यात कोंबू नका, आणि आमच्याकडे येताना हात धुवून या.

कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा घेऊन तयारच होता. मामा गुपचूप खुर्चीत बसला. मिशी गेली, तोंड सोललेल्या बटाट्यासारखं झालं, टाळ्या पडल्या. मग तो उठला, नळावर हात धुतले आणि बोट पुढे केलं. "अब्रू गेलीच आहे मास्तर, आता माझीही बघून टाक."

मास्तरांनी नवी सुई लावली. मामाने डोळे गच्च मिटले. "आई गं."

"अहो मामा," काकू म्हणाल्या, "अजून टोचलंय कुठे?"