केझायाची आखूड दांड्याची हातोडी

माझा दांडा आखूड आहे, मित्रांनो, आणि तो मुद्दाम आखूड केलेला आहे. मी इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ या साखळ्या घडवणाऱ्या गावची एक जुनी हातोडी. दीडशे वर्षांपूर्वी लोहाराने मला पुरुषाच्या हाताला बेतून घडवलं. पण मी आले केझाया नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला. तिने मला एकदा हातात तोललं, नाक मुरडलं आणि करवत घेऊन माझा दांडा चार बोटं कापून टाकला. मग तापलेल्या सळईने त्यावर एक खूण डागली. एक कडी आणि तिच्यातून गेलेली आडवी रेघ. लिहिणं तिला येत नव्हतं. ती खूण हीच तिची सही.

पुढच्या वर्षी एनॉक ट्रोमन्सशी तिचं लग्न झालं. घरामागच्या विटांच्या खोलीत दोघांच्या दोन ऐरणी आणि मध्ये एक भट्टी. सळई लाल करायची, वाकवायची, आधीच्या कडीत ओवायची आणि गार व्हायच्या आत टोकं ठोकून एकजीव करायची. केझाया भराभर ठोकायची. तिचं तान्हं बाळ, जोसेफ, भिंतीला टांगलेल्या टोपलीत झोपायचं. माझ्या आवाजाने ते कधी रडलं नाही. मी थांबले की मात्र रडायचं.

एकदा खानेसुमारीचा माणूस कागद घ्यायला आला. केझाया मला हातात घेऊनच दारात गेली.

"वाचून दाखवा की, साहेब."

"एनॉक ट्रोमन्स, साखळी कामगार. केझाया, बायको."

"पुढं?"

"पुढं काही नाही. नवऱ्याचा धंदा लिहिलाय ना, झालं."

"आणि मी हे हातात काय धरलंय, लाटणं?"

तो हसला आणि कागद घडी करून निघून गेला. केझायाने त्या दिवशी एवढ्या जोरात घाव घातले की ऐरणसुद्धा कण्हली असेल.

त्याच हिवाळ्यात एनॉकची छाती भरली आणि त्याने अंथरूण धरलं. आठवड्याची साखळी खांद्यावर टाकून केझाया एकटीच, सळया देऊन तयार साखळी विकत घेणाऱ्या दलाल बॅगॉटच्या आवारात गेली. मी तिच्या कमरेला खोचलेली होते.

"एनॉक आजारी आहे ना? मग ही साखळी कोणाची?" बॅगॉटने विचारलं.

"माझी."

"बाईच्या हातची साखळी? उद्या मध्येच तुटली तर जबाबदार कोण?"

"आजवर नेलीत त्यातली अर्धी कोणाच्या हातची होती, असं वाटतं तुम्हाला?"

आवारातली माणसं हसू लागली. बॅगॉटचा चेहरा लाल झाला. "टांगा रे हिची साखळी," तो ओरडला.

साखळी आकड्याला अडकवली आणि खाली लोखंडाचे ठोकळे एकेक करून लटकवले. घरी आजारी नवरा आणि चार पोरं. एक कडी उघडली असती तर चूलच विझली असती. केझायाची बोटं माझ्या दांड्यावर घट्ट आवळलेली होती. ठोकळे संपले, साखळी जशीच्या तशी. मग तिने शेजारच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "आता ती टांगा. ती पुरुषाच्या हातची आहे ना?" ती सहाव्या ठोकळ्याला तुटली.

बॅगॉटने पुढच्या आठवड्याच्या सळया तिच्या पुढ्यात टाकल्या. "ने, केझाया," एवढंच म्हणाला. मित्रांनो, त्या दिवशी मी नुसती कमरेला होते, तरी घाव मीच घातल्यासारखी माझी मान ताठ झाली.

एनॉक बरा झाला, पुन्हा ठोकू लागला. केझायाने चाळीस वर्षं काम केलं. ती गेल्यावर मात्र माझे दिवस फिरले. कोणी माझ्याने कोळसा फोडला, कोणी कुंपणाचे खुंट ठोकले. शेवटी तिचा पणतू डेस याच्या घरी मी मागच्या दाराला अडसर होऊन पडले. मला गंज चढला.

अशात डेसची भाची लोरेन कागदांची पिशवी घेऊन आली. जन्मभर बस चालवून नुकतीच निवृत्त झालेली ही बाई घराण्याची माहिती गोळा करत होती.

"मामा, एनॉकचं सगळं सापडलं. पण खापरपणजीचं काहीच नाही. तीन खानेसुमाऱ्या बघितल्या, धंद्याचा रकाना कोरा. मेल्याच्या दाखल्यावर पण 'एनॉकची विधवा'. बिचारीने जन्मभर काही केलंच नाही वाटतं."

डेसने चहाचा कप आपटला. "काही केलं नाही? माझे आजोबा जोसेफ त्या भट्टीच्या धगीत वाढले! उडालेल्या ठिणगीने त्यांच्या कानाला पडलेलं भोक मी बघितलंय."

"मग तसं लिहिलेलं कुठाय?"

"लिहिलेलं तू शोध. दाराला काय लावलंय ते आधी बघ."

लोरेनने मला उचललं आणि स्वेटरच्या बाहीने पुसलं. कडी आणि आडवी रेघ दिसताच तिने पिशवी पुढ्यात ओढली. मग पिशवीतून तिने लग्नाच्या नोंदीची नक्कल काढली. निरक्षर माणसं सहीच्या जागी फुली मारत. केझायाने तिथे वेगळंच काही काढलं होतं.

"मामा, मला हा शाईचा डाग वाटला होता!" तिने तो कागद माझ्या दांड्याशेजारी धरला. "ही कडी आहे. फुली मार म्हणाले असतील, तर हिने कडी काढली!"

"आमचीच ती," डेस म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

त्या संध्याकाळी लोरेनने वंशवृक्षात पक्क्या शाईने लिहिलं, 'केझाया ट्रोमन्स, साखळी कामगार.'

गावातली एक भट्टी अजून जपून ठेवलेली आहे. पुढच्या शनिवारी लोरेन मला आणि डेसला तिथे घेऊन गेली. तिथल्या लोहाराने माझ्या दांड्यात नवी पाचर बसवली, सळई तापवून दिली आणि म्हणाला, "ठोका बाई, गार व्हायच्या आत!" लोरेनने ठोकलं. माझ्या अंगात किती वर्षांनी ती ऊब शिरली! कडी झाली खरी, पण वाकडीतिकडी, लांबुडकी.

डेसने ती हातात फिरवून पाहिली. "पणजीने ही तुझ्या तोंडावर फेकली असती."

"फेकली असती, आणि मग कशी करायची ते दाखवलंही असतं," लोरेन म्हणाली. तिने बाह्या वर सारल्या आणि दुसरी सळई मागितली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर किंवा दाराआड एखादं झिजलेलं अवजार पडलेलं असेल. ते भंगारात टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी नेऊन विचारा, "हे कोणाच्या हातचं?" आणि नाव कळलं की लगेच लिहून ठेवा. उद्यावर टाकू नका. सांगणारी माणसं थकत चालली आहेत.