समासातला प्रॅट

...'प्रॅट'मधलं शेवटचं अक्षर. पाण्याखाली ते तपकिरी अक्षर आधी जरा फुगलं, मग धुराच्या रेघेसारखं वर आलं आणि गेलं. सिंकमध्ये टर्की भाजायचा मोठा ट्रे, आणि ट्रेमध्ये, डाग निघावेत म्हणून, १७६८ सालचं बॉस्टनचं साप्ताहिक निवांत पहुडलेलं. चिंध्यांच्या लगद्याचा कागद. त्याला आंघोळ मानवते, छापलेली शाई तर जागची हलतसुद्धा नाही. पण तेव्हा समासात वर्गणीदाराचं नाव हातानं लिहीत, आणि त्या शाईचा भरवसा नाही — हे वेंडेल वर्षानुवर्षं नवशिक्या संग्राहकांना बजावत आला होता. आज नळ सोडताना स्वतःला मात्र बजावलं नाही. विसरलो... की?

एल्नेथन प्रॅट, तेव्हाचा एक वर्गणीदार. वेंडेल फक्त याचेच अंक जमवायचा. लिलावात, मेलेल्या वकिलांच्या माळ्यांवर — समासात हे नाव दिसलं की अंक घरी. आधी नुसता नाद होता. मग एका हिवाळ्यात वाचता वाचता मानेवर श्वास जाणवला. रागाचा नव्हे, आपल्या हातातला पेपर कधी मोकळा होतोय याची वाट बघणाऱ्या माणसाचा. साहजिकच आहे, वेंडेलला वाटलं. पेपर त्याचा, वर्गणी त्यानं भरलेली. तेव्हापासून वाचून झालेलं पान तो टेबलाच्या पलीकडे सरकवून ठेवू लागला — आणि जहाजांच्या बातम्यांपाशी जास्त रेंगाळू लागला. प्रॅटला जहाजांची आवड असावी.

"प्रॅटसाहेब चावडर सूप घेणार, की आजही उपास?" त्याची बायको आर्डिस विचारायची. पहिली काही वर्षं हसून.

आता ती कोट घालून दारात उभी होती.

"वेंडेल, दोनला ट्रक येतोय. या ओलीत माझे गुडघे आणखी एक हिवाळा काढणार नाहीत. मी चालले पोरीकडे, ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत — कायमची. तू येतोयस की नाही, एवढं बोल. आणि त्याला यायचं असेल तर त्याचं तिकीट त्यानं काढावं."

"नाव गेलं," वेंडेल म्हणाला.

"कुणाचं?"

"त्याचं. धुतलं गेलं."

आर्डिसनं ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. टोमणा तयार असावा, पण मारला नाही. "बाकीच्या अंकांवर आहे ना?"

होतं. खोकी भरून होतं. पण मान मोकळी होती — किती वर्षांनी! — नुसती खिडकीतून येणारी हवा. वेंडेलनं सवयीनं शेजारचा कोरडा अंक ओढला. जहाजं. अमुक गलबत आलं, तमुक गेलं... किती कंटाळवाणं! मला जहाजं कधी आवडलीच नव्हती. मग इतकी वर्षं ती इतक्या चवीनं वाचत कोण होतं?

"अरे, मी काय विचारतेय?" आर्डिसचा आवाज कापरा झाला होता. "शेवटचं विचारतेय."

प्रश्न स्पष्ट ऐकू आला. तो सिंकपाशी ओणवलेल्या माणसाला विचारला होता — विरळ केसांचा, बाह्या भिजलेल्या, पाठमोरा. टेबलाच्या या बाजूनं, जिकडे वाचून झालेली पानं सरकवली जात, तो पुरता दिसत होता. बोल की रे बाबा, याला वाटलं. बाई रडायला आलीय. पण घाई अशी नव्हती. उलट थोडं बरंच वाटत होतं... फार वर्षांनी काहीतरी ताजं ऐकायला मिळणार होतं.