पान वाढलंय

आमच्या घरात जेवायचं पान वाढलं की माझ्या कादंबरीतही एक पान वाढतं. लग्नात कुणीतरी आहेर म्हणून दिलेलं शंभर वर्षांपूर्वीचं जाडजूड पुस्तक आहे. त्यातली बाई पहिल्याच प्रकरणात नदी ओलांडायला होडीत बसते. ती पलीकडे उतरते की नाही, एवढंच मला गेली तेवीस वर्षं बघायचं आहे.

केतकी, आमची मुलगी, स्वतःच्या हाताने जेवू लागल्यापासून घरात माणसं चार: सासूबाई, हे, केतकी आणि मी. दोन वेळची आठ पानं. ओटा आवरून, कपड्यांच्या घड्या घालून मलाही दिवसाकाठी आठच वाचून होतात. त्यामुळे शेवट कायम साठेक पानं पुढे. माझी तक्रार नव्हती. नवं पान जुन्यांत बेमालूम मिसळतं, तीच भाषा, तोच बारीक टाईप. कुणाचं पान ते मात्र वाचल्याशिवाय कळत नाही. केतकी घाईत जेवते, तिच्या पानावर वाक्यं तुटक. ह्यांच्या पानावर कुणीतरी हमखास तिखट बोलतं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही, त्या दिवशी सासूबाईंचं पान काठोकाठ भरलेलं असतं. माझ्या पानावर ती बाई नुसती पाण्याकडे बघत बसते. ती पानं मला सगळ्यांत आवडतात. पाहुणे आले की मी त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाही. लोक मला अगत्याची समजतात.

"उतरली का गं ती?" सासूबाई रोज विचारायच्या.

"नाही अजून."

"मग जेवून घे. पान वाढलंय."

केतकी नोकरीसाठी हैदराबादला गेली. त्या दिवशी सहाच पानं वाढली. मी रडले. मग लक्षात आलं की आता किनारा दिसणार, आणि मला आनंद झाला. त्याची लाजही वाटली.

किनारा खरंच दिसला. घाट, घाटावर वाळत घातलेली लुगडी. सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. पुढच्या गुरुवारी दुपारी टेबलावर तीन पानं मांडली आणि पुस्तकात दोनच वाढली. मी पुन्हा मोजली. सासूबाईंनी भातावर तूप घेतलं, भात कालवला, "भरल्या पानावरून उठू नये म्हणतात," एवढं म्हणाल्या आणि उठल्या. आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

मग दिवसाला चारच. मी हात आखडता घेतला, चारच वाचायची असं ठरवलं. पण होडी घाटाच्या इतकी जवळ आली होती की कधी सहा होत, कधी सात. केतकीला फोन केला.

"चार दिवस येऊन जा."

"दिवाळीला येतेच आहे ना, आई."

शेजारच्या कुंदाताईंना जेवायला बोलावलं, तर त्यांचा सोमवार निघाला.

काल रात्री जेवणं झाल्यावर वाचता वाचता एकच पान उरलं. नावाड्याने दोर फेकला होता. मी पुस्तक मिटून फ्रीजवर ठेवलं आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही. आज उठायला मला उशीर झाला, म्हणून दुपारी ह्यांनीच खिचडी टाकली.

"अगं ये, पान वाढलंय."

मी आधी पुस्तक खाली काढलं. टेबलावर दोन पानं होती, लिंबाच्या फोडी आणि पापडासकट. पुस्तकात एकच वाढलं होतं. बोट ओलं करून मी पुन्हा मोजलं. एकच. कुणाचं, ते वाचल्याशिवाय कळणार नव्हतं.

"उतरली का ती?" ह्यांनी विचारलं. हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"नाही अजून."

"मग आधी जेव. खिचडी निवतेय."

ते माझ्यासाठी थांबले होते. हात धुतलेला, ताटाच्या कडेला टेकवलेला.

"तुम्ही सुरू करा," मी म्हणाले.

"तू बस, मग करतो."

मी बसले आणि चष्मा लावला.