न थकणारा हात

सुटीच्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले आणि गोदामापाशी गर्दीत अडकले. गोदामावरच्या हॉलच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत बाबागाड्यांची रांग लागली होती. गाड्यांमधली बाळं टक्क जागी होती आणि गाड्या ढकलणारे आईबाप उभ्या उभ्या पेंगत होते. रांगेत माझी वहिनीही होती, खांद्यावर लेकीला, ठमीला घेऊन. मला पाहताच तिने मान वळवली. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावरही थांबत नाही, अशी तिची जुनी तक्रार आहे.

मी तिच्याबरोबर वर गेले.

हॉलच्या एका टोकाला जाड पडदा होता आणि त्यापुढे मऊ सपाता घातलेले, न झोपणारी बाळं झोपवून देणारे निजगुरू. आवाज असा की ऐकणाऱ्यालाच जांभई यावी. "आईचा हात थकतो," ते म्हणाले. "बापाचा हात तर बापाच्या आधी झोपतो. आमच्याकडे विश्वाचा हात आहे. तो थकत नाही, उठत नाही. फक्त लाजाळू आहे. त्याच्याकडे बघायचं नाही."

अख्ख्या विश्वाचा हात, आणि पडद्याबाहेरच्या चार माणसांना लाजतो. पण हे मी मनातच ठेवलं. मदतनीस बाई एकेक बाळ आत घेऊन गेल्या, दिवे मालवले गेले, रडण्याचा कल्लोळ झाला, आणि मग एकेक आवाज बंद होत गेला. शेवटी ठमीचाही झाला. वहिनी पदराने डोळे पुसत होती. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

कारण आमच्या घरची दशा मला ठाऊक होती. सात महिन्यांची ठमी फक्त मांडीवर झोपायची. तिच्या कठड्याच्या खाटेवर ठेवली की छातीवर हात हवा. मग तो हात एकेक बोट करून उचलायचा, श्वास रोखून. करंगळी उचलली की बाईसाहेबांचे डोळे उघडे. दादा बस चालवतो. सिग्नलला त्याचा डोळा लागला आणि मागच्या प्रवाशाने हाक मारली म्हणून जागा झाला, हे त्याने वहिनीपासून लपवून मला सांगितलं होतं. मी पुस्तकं वाचली, सल्ले दिले आणि शेवटी हात टेकले.

निजगुरूंनी हात घरी न्यायलाही दिला. काळ्या कापडात शिवलेलं पुडकं होतं. उन्हात तापवायचं, अंधार करायचा, बाळाच्या छातीवर ठेवायचं. उघडलं तर हात निघून जाणार.

"एकदा उघडून बघू," मी म्हटलं.

"वन्सं, तुमच्याकडे दुसरं काही आहे का?" वहिनी शांतपणे म्हणाली. "असेल तर द्या. नसेल तर मला झोपू द्या."

माझ्याकडे काहीच नव्हतं. ठमी झोपू लागली, दादाच्या डोळ्यांची लाली गेली, आणि मी स्वतःच्याच घरात मूर्ख ठरले.

एका दुपारी मी सहज त्या खोलीत डोकावले. वहिनी जमिनीवर गाढ झोपली होती. ठमी हूं की चूं करत नव्हती. खिडकीचा पडदा जरा सरकवला. पुडकं छातीवरून घसरून तिच्या नाकातोंडावर आलं होतं. खाली दोन मुठी हळूहळू हलत होत्या, आणि त्यातही जोर उरला नव्हता. मी पुडकं ओढून काढलं. तिचे ओठ काळसर पडले होते. एक क्षण काहीच झालं नाही. मग तिने श्वास ओढला आणि टाहो फोडला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

वहिनी दचकून उठली. ठमीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. दादाला आणि डॉक्टरांना फोन झाले, डॉक्टरांनी ठमीला नीट तपासलं, आणि घरी आल्यावर कात्री वहिनीनेच आणली. आत फ्लॅनेलची घडी होती, आणि घडीत बागकामाचा एक हातमोजा, पाची बोटांत ठासून वाळू भरलेला.

पुढच्या बैठकीत वहिनीने ती वाळू निजगुरूंच्या सपातांपुढे ओतली.

"शंकेच्या घरात हाताची वाळू होते," ते डोळे मिटून म्हणाले.

मी पडदा ओढला. खाटांची रांग होती आणि प्रत्येक बाळाच्या छातीवर एक हातमोजा. आईबाप आत धावले. त्या गडबडीत गुरू मागच्या जिन्याने पसार झाले.

मी समजावून सांगितलं. उबदार वजन छातीवर आलं की बाळाला हात वाटतो. शिवाय सकाळपासून रांगेत जागवलेली बाळं एरवीही झोपलीच असती. मला वाटलं, आता लोक चिडतील. पण एक बाप मुलाला कवटाळून, खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, वाळू साधीच होती का? म्हणजे, घरी करता येईल का?"

कोणी हसलं नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. ही माणसं मूर्ख नव्हती हो, फार दिवसांची जागी होती.

उत्तर ठमीला कडेवर घेतलेल्या वहिनीने दिलं. "हिचा श्वास अडला. माझा हात असता तर मला कळलं असतं. या हातमोज्याला कळलं नाही."

मग मी म्हटलं, "जे उघडून बघायला मनाई असेल, ते बाळाजवळ ठेवू नका. खाट रिकामी ठेवा. बाळाला उताणं ठेवा, जागंच ठेवा. शेजारी बसा. रडलं की हात लावा, शांत झालं की काढा. हळूहळू शिकेल."

"आणि तोवर?" मघाचा बाप म्हणाला.

"तोवर जागायचं," मी म्हटलं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण खोटं उत्तर काय करतं, ते मी पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी ठमीला रिकाम्या खाटेवर ठेवली. ती रडली. दादा बसला, मग वहिनी, मग माझी पाळी आली. हात ठेवला, ती गप्प. काढला, पुन्हा भोकाड. पुन्हा ठेवला. कठड्यावरून वाकून माझा हात भरून आला होता. ती झोपेल असं काही चिन्ह दिसत नव्हतं. पण हाताखाली तिची छाती वरखाली होत होती, आणि ते मला कळत होतं.