मुळाला फुटलेली रक्ताची धार

चेटूक शोधायला आलेल्या सुरीबाबाने वेल उपटला, मुळावरची मण्याएवढी गाठ चिमटीत धरली आणि सुरी फिरवली. लालभडक धार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. माझ्या शेताच्या बांधावर जमलेलं अख्खं गाव किंचाळलं. पुढची एक बाई तर मटकन खालीच बसली.

"रुधिर!" बाबा गरजला. नुसतं रक्त म्हटलं असतं तर लोकांना लगेच कळलं असतं, म्हणून रुधिर. "ही जमीन प्यायलेली आहे! कुणाचं रुधिर प्यायली, ते विचारा!"

विचारायची गरजच नव्हती. माझ्या धाकट्याचं पोर कधीपासून तापाने फणफणत होतं. त्याच्या अंगावर रंग उरला नव्हता.

"याच घरातल्या लेकराचं!" बाबाने सुरी माझ्या थोरल्या सुनेवर रोखली. "हिने बियांना काळं फासलं! लोकांनी पाहिलंय!"

पाहिलं होतं खरं. पेरणीआधी ती पडवीच्या सावलीत बसून बियांना गुळाचं पाणी लावायची, वर काळी भुकटी चोळायची. ऊन लागू द्यायची नाही. शेजारीण कुंपणावरून मान लांब करून बघायची. तिच्या मानेला तेवढाच व्यायाम. आणि पीक तरी कुठलं? चार कडांच्या शेंगांचा वेल. आजवर कुंपणावर आपोआप वाढायचा आणि शेळीसुद्धा त्याला विचारायची नाही. यंदा तोच वेल आमच्या मुरमाड तुकड्यावर मांडव झाकून वर गेला, आणि बाकीच्यांचा मका गुडघ्याला अडला. लोकांच्या पोटात दुखायला एवढं पुष्कळ झालं.

पहिला दगड माझ्या धाकट्याने मारला. माझ्याच पोटच्या पोराने.

तो सुनेच्या डाव्या कानावर बसला. मग सगळ्यांनाच हात फुटले. कुणी तिला केस धरून फरफटत ओढलं, कुणी मांडवाचे बांबू उपसून तिच्या पाठीत घातले. तिचं मनगट मोडलं ते मला ऐकू आलं, ओली फांदी मोडावी तसं. मी विळा घेऊन घुसले. जो आडवा आला त्याच्या दंडावर ओढला. कोण होता ते मी अजून सांगत नाही, आणि तोही सांगत नाही.

"आई, बाजूला हो!" धाकटा ओरडला. "हिने माझं पोर खाल्लंय!"

"पोर घरात पाणी मागतंय आणि बाप इथे नेम धरतोय! मार, आधी मला मार. थांबलास कशाला?"

त्याचा हात वरच राहिला. आईला दगड मारायची त्याची तालीम झालेली नव्हती.

सुनेने खालून माझा हात ओढला. तिचा ओठ फाटला होता. "आई, गाठ आतून लालच असते. पण ती गळत नाही. मी बियाणं आणायला गेले तेव्हा बियाणे केंद्रात कापून पाहिलीय. धार त्याच्या सुरीतून येतेय."

मला तेवढं पुरलं. मी बाबासमोर गेले. "बाबा, सुरी माझ्याकडे द्या. घरातली घाण आहे, मीच निकाल लावते."

"द्या, द्या!" लोक खूश.

बाबा मात्र चुळबुळला. "बाईच्या हाताने सुरी विटते."

"विटली तर घासून देईन की!"

मी त्याची बोटं धरली आणि उलटी पिरगळली. एक कटकन वाजलं. तो कळवळला आणि सुरी माझ्या हातात आली. सुरीची मूठ मऊ लागली. बांधालगत मुळ्याचा वाफा होता. त्यातला पांढराशुभ्र मुळा उपटला, सगळ्यांना दाखवला आणि मूठ आवळून कापला.

लाल धार.

"अगं बाई, मुळासुद्धा चेटकीण!" मी म्हटलं. "याने कुणाचं पोर खाल्लं रे?"

मी सुरीची मूठ दगडावर आपटली. आतला रबरी फुगा फुटला आणि सगळं रुधिर बाबाच्या दाढीवर उडालं. मग माझ्या विळ्याने वेलाची गाठ कापली. आतून जिभेसारखी लालसर, पण थेंब नाही.

"त्या गाठीत जिवाणू राहतात," सून बसल्या जागेवरून बोलली. "डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक. केंद्रातून आणलेल्या काळ्या भुकटीत तेच असतात. उन्हाने मरतात म्हणून सावली, आणि बीला चिकटावेत म्हणून गूळ. आपल्या मुरमात ते कमी होते. हवेतलं नत्र धरून ते वेलाला खत पुरवतात. शेजारच्या भुईमुगाच्या मुळांना पाहा, तिथेही अशाच गाठी असतील."

धाकटाच गेला. भुईमूग उपटून आणला. गाठी बारीक, पण आतून तशाच लाल. शेजारणीची मान पहिल्यांदाच आखूड झाली.

लोकांनी पुन्हा तेच दगड उचलले. आता बाबासाठी. एकाने बांबू त्याच्या तोंडावर घातला, दात उडाला. मी विळा घेऊन बाबाच्या पुढे उभी राहिले.

"तुम्ही याला वाचवता?"

"याला पोलीस नेतील. तुमचे हात आधी रिकामे करा."

नातवाला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी बोट टोचून रक्त तपासलं, डासाचा ताप निघाला. गोळ्यांनी उतरला.

धाकट्याने वहिनीची माफी मागितली ती तिच्या डाव्या बाजूला उभं राहून. त्या कानाने तिला आता काही ऐकू येत नाही. मी त्याला उजवीकडे उभं केलं आणि पुन्हा मागायला लावली.

मी दुसरीतून शाळा सोडली. पण कापून बघायला शाळा लागत नाही. तुमच्याकडे कुणी रक्ताची धार दाखवली, तर त्याच्याकडे सुरी मागा. दिली नाही तर काय समजायचं ते समजा. आणि दगड उचलण्याआधी मागा. गाठ कधीही कापून बघता येते. माझ्या सुनेचा कान मात्र कुणाला परत आणता आला नाही.