नऊ सेकंदांची सरपंच

मित्रांनो, किती वाजले ते मला विचारू नका. ते मला कधीच ठाऊक नसतं. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. किती वेळ गेला, एवढंच मला कळतं. म्हणून माझं आयुष्यही तुकड्यातुकड्यांनीच सांगतो.

१५ सेकंद

कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसली. त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते पाथरीच्या शाळेचं मैदान आणि खेळाचे मास्तर व्यंकटराव यांची घामट मूठ. एका काटक मुलीने शंभर मीटरची शर्यत पंधरा सेकंदांत जिंकली. तिचं नाव शीला. ती बक्षिसाकडे गेली नाही, माझ्याकडे आली.

"सर, ह्यानं मोजलेलं कुनालाच खोटं म्हनता येत न्हाई का?"

मास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला तिच्याच हातात दिलं.

पुढे शीला राज्यशास्त्र शिकली आणि परभणीच्या एका कॉलेजात शिकवू लागली. सरकारी संस्था कागदावर कशा असतात, गावात कशा चालतात आणि तिथे पुढारपण कोण करतं, हा तिचा अभ्यास. इतर अभ्यासक वही घेऊन हिंडत. ती मलाही घेऊन हिंडली. ग्रामसभेत कोण किती बोलतं, ते मी मोजायचं.

४१ मिनिटं

राणीसावरगावच्या पुढे एक छोटं गाव. दारोदार मेंढरं. सरपंच म्हाळसाबाई. शाळेमागच्या जागेचं काय करायचं, यावर एक मेची ग्रामसभा होती. तिथे दुकानांचे गाळे बांधावेत, असं सरपंचबाईंचे पती भुजंगराव सांगत राहिले. माझा छोटा काटा तीस मिनिटांपर्यंतच मोजतो. भुजंगरावांसाठी त्याला दुसरी फेरी मारावी लागली. शेवटी निर्णय दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेवर गेला.

९ सेकंद

मग म्हाळसाबाई बोलल्या. "सगळ्यांनी चहा घेऊन जावा. आन् सह्या राहू देऊ नका." टिक्. संपलं.

त्या नऊ सेकंदांवर शीलाने निबंध लिहिला. मोठ्या शहरातल्या परिषदेत तिने मला उंच धरलं. टाळ्या थांबेनात. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. 'नऊ सेकंदांची सरपंच' असं पेपरात छापून आलं. गावाचं नाव त्यात नव्हतं. तरी गावाने ओळखलं.

शून्य

सप्टेंबरात शीला पुन्हा गेली. म्हाळसाबाई मेंढरांना पाला टाकत होत्या. त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता.

"या म्याडम. गिरणीवर गेले की गडी म्हनतात, नऊ सेकंद आली, वाट सोडा."

"पण मावशी, मी मोजलं ते खरंच होतं."

"खरंच हाय की. पन ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायांची सभा असती. तिथं आलता का तुमी?"

महिलासभा बऱ्याच ठिकाणी नुसती कागदावर होते, हे शीलाने वाचलं होतं. म्हणून ती गेलीच नव्हती.

"तिथं मी तासभर बोलले. ती जागा अंगणवाडीला द्यायची, असं आमी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गड्यांनी तोंड उघडू दिलं न्हाई. तुमी माझं बोलनं मोजलं. मला गप कुनी केलं, ते मोजलं का?"

शीलाच्या पिशवीत मी शून्यावर उभा होतो. मित्रांनो, आयुष्यात मी एका सेकंदाचीही चूक केली नव्हती. त्या दिवशी त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

शीलाने मला बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "चूक माझी आहे, मावशी. राजीनामा दोन ऑक्टोबरनंतर द्या. ग्रामसभेच्या अध्यक्ष तुम्ही. कुणी किती बोलायचं, ते तुम्ही ठरवा."

म्हाळसाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "ह्याला चावी किती द्यायची?"

"रोज दहा फेरे. जास्त नको."

३ मिनिटं

दोन ऑक्टोबर. चावडीसमोर सतरंजी. शीला मागे बायकांत बसली, रिकाम्या हातांनी. म्हाळसाबाईंनी मला वर धरलं. "हरेकाला तीन मिनटं."

भुजंगराव उठले. गावाच्या इतिहासापासून सुरुवात केली.

"बसा. झाली तीन मिनटं."

"अगं, मेन मुद्दा राहिलाय!"

"मग इतका वेळ कुठं ठिवला होता?"

सगळी सतरंजी हसली. भुजंगराव कुरकुरले, "आता घरी पन मोजनार का हे?"

"घरी तर लग्नापासून मोजायले मी."

मग भुजंगरावांनाही हसू आवरेना. ते बसले.

आणि म्हाळसाबाई उभ्या राहिल्या. राजीनाम्याच्याच कागदामागे त्यांनी मुद्दे लिहून आणले होते. आताच्या अंगणवाडीची गळकी खोली. मधला रस्ता. रस्त्यावरचे ट्रॅक्टर. तो ओलांडणारी तीन-चार वर्षांची लेकरं. कुणी मधे बोललं नाही. हात वर झाले, आधी मागच्या बाजूने, मग पुढच्या. जागा अंगणवाडीला मिळाली.

किती वेळ बोलल्या? सांगता येणार नाही. बोलण्याच्या भरात त्यांनी माझं बटण दाबलंच नाही. शीलाने नंतर वहीतल्या त्यांच्या रकान्यात लिहिलं, 'मोजलं नाही.' आता ती पुस्तक लिहिते आहे. पहिलं प्रकरण तिच्या स्वतःच्या चुकीवर आहे.

मी पंचायतीच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र सापडलं तर धूळ पुसा, रोज चावी द्या. त्याने सांगितलेला आकडाही घ्या. फक्त आधी त्याला विचारा, आदल्या दिवशी तू कुठे होतास?

उद्या महिलासभा आहे. शीला आजच मुक्कामाला आली आहे.