चार नंबरची गाडी

कचेरीत त्याला सगळे भिंग म्हणत. तोंडावर 'भिंगसाहेब', पाठीमागे नुसतं 'भिंग'. मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांची कागदपत्रं तपासायचं त्याचं काम, आणि ते तो असं करायचा की अर्ज घेऊन येणाऱ्याने त्याचं टेबल टाळावं. विम्याची तारीख, टायर बदलल्याची नोंद, ड्रायव्हरच्या विश्रांतीचे तास, सगळं तो वाचायचा आणि वाचून झालेलं पुन्हा शेवटाकडून वाचत यायचा. घरी मुलगी चिडवायची, "बाबा, दुधाच्या पिशवीवरची तारीख एकदा वाचली तरी चालते हो." तो हसायचा, पण वाचायचा दोनदाच.

मुळात काही तो असा नव्हता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चारचौघांसारखाच होता, फाईल नीटनेटकी दिसली की सही ठोकून मोकळा. मग त्याने पास केलेल्या एका कंपनीच्या ट्रकचा ब्रेक उतारावर लागला नाही आणि ड्रायव्हर जागच्या जागी गेला. कंपनी बंद पडली, फाईल कपाटात गेली. त्याला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं. पण आपणहून जाऊन सांगायची छाती काही झाली नाही.

त्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या तिशीतली एक बाई नव्या कंपनीच्या नोंदणीचा अर्ज घेऊन त्याच्या टेबलाशी आली. शेजारची दोन्ही टेबलं रिकामी होती, तिथले दोघे हातावर हात ठेवून बसले होते. तिकडे न जाता ती नेमकी भिंगाकडे आली, याचं त्याला थोडं कौतुकच वाटलं.

अर्ज चोख होता. बाराव्या रकान्यात 'जुन्या कंपनीशी संबंध' असा प्रश्न होता, त्यापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. ट्रकचे फोटोही जोडलेले, दारांवर रंगवलेले आकडे स्पष्ट दिसत होते. त्याने शिक्का हातात घेतला. शाईच्या पेटीवर टेकवला. आणि सवयीप्रमाणे फोटो शेवटाकडून बघायला लागला. आठ, सात, सहा, पाच, तीन.

"ताई, चार नंबर कुठाय?"

"सातच गाड्या आहेत, साहेब."

"सातच आहेत. पण शेवटच्या गाडीवर आठ आहे."

ती हसली. "अहो, ते आपलं असंच. आमच्याकडे चार नंबर कुणी लावत नाही."

"आमच्याकडे म्हणजे कुठे? कंपनी तर अजून जन्मायचीय."

तिचं हसू मावळलं. नव्याने धंदा काढणारा माणूस गाड्या एकापासून मोजतो. मधला आकडा तोच गाळतो, ज्याची त्या आकड्याची गाडी आधी होऊन गेलेली असते. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सातही गाड्यांची दारं रंगवताना तिचा हात चारवर आपोआप थांबला होता.

"चार नंबर माझे काका चालवायचे," ती म्हणाली, आणि वडिलांच्या बंद पडलेल्या कंपनीचं नाव तिने हळूच सांगितलं.

भिंगाला कपाटातली फाईल आठवली. तेच नाव.

नियम त्याला तोंडपाठ होता. जुना संबंध लपवला तर अर्ज रद्द आणि पाच वर्षं नवा अर्ज नाही. म्हणजे सात ट्रक उभे, सात ड्रायव्हर घरी.

"का लपवलंत?" त्याने विचारलं.

"रोज सकाळी ड्रायव्हरने गाडीखाली बघून तक्त्यावर खुणा करायच्या असतात ना, त्या आमच्याकडे मी करायचे. घरी, जेवायच्या टेबलावर, महिन्याच्या एकदम. काका म्हणाले होते, पोरी, ब्रेक जरा खोल जातोय. मी म्हटलं, बघू रविवारी. आणि बरोबरची खूण करून टाकली." ती म्हणाली. "काकूला हे माहीत नाही. आम्ही एकाच घरात राहतो. माझा डबा अजून तीच भरते, साहेब."

"त्या फाईलवर सही तुमची आहे," ती खाली बघत म्हणाली. "म्हणून तर ती दोन टेबलं सोडून तुमच्याकडे आले. वाटलं, बाकी कुणी उकरेल, तुम्ही नाही उकरणार."

त्याला सणसणून राग आला. मला काय समजते ही! पण तो राग ठेवायला जागाच सापडेना, कारण तिचं गणित काही फारसं चुकलं नव्हतं. शिक्का हातातच होता. तो मारला की दोघंही सुटणार होते. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

शिक्का त्याने बाजूला ठेवला आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला. "शिक्का पडला नाही तोवर अर्ज तुमचाच आहे. बारावा रकाना खोडा आणि खरं लिहा."

"मग नोंदणी मिळेल?"

"मिळेल. वर्षभर दर महिन्याला येऊन गाड्यांखाली शिरू, तुम्हाला सळो की पळो करून सोडू. पण मिळेल."

"खुणेचंही लिहू?"

"लिहा. जुनी फाईल उघडली की तुमच्या काकूंना पत्र जाईल. ते पोचायच्या आधी तुम्ही सांगा."

तिने पेन उचललं. शेजारच्या टेबलावर चहा येऊन गेला. मग तिने 'नाही' खोडलं आणि लिहायला लागली. रकाना पुरला नाही तशी समासात लिहीत गेली.

भिंगाने कपाटातून जुनी फाईल काढली. एक कोरा कागद घेतला आणि वरिष्ठांना लिहिलं, की ही फाईल मी खुर्चीत बसून पास केली, एकही गाडी जाऊन पाहिली नाही.

"तुमची चौकशी लागेल ना?" तिने विचारलं.

"लागेल."

पुढच्या ओळीशी तो अडला. कुणाच्या मृत्यूबद्दल लिहितोय ते लिहायला हवं होतं. त्याने फाईल उलटसुलट चाळली. चासी क्रमांक होता, ब्रेकच्या पट्टीची जाडी होती, उतार कितव्या किलोमीटरवर तेही होतं. माणसाबद्दल एवढंच, 'चालक मयत'. दोन वर्षांत ही फाईल त्याने कितीदा तरी काढून वाचली होती.

"ताई," तो म्हणाला, "काकांचं नाव काय होतं?"

तिने सांगितलं. त्याने ते पूर्ण लिहिलं, आणि मग खाली सही केली.